देश एकत्र आणायचेत? झेंडा नंतर, हिशोब आधी

समजा तुम्ही एका छोट्याशा स्वतंत्र देशाचे कर्तेधर्ते आहात, शेजारी अजून चारपाच तसेच देश आहेत, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की चला आपण एकत्र येऊ. पहिल्या मीटिंगमध्ये काय होतं तर नाव काय ठेवायचं, झेंड्यात किती तारे, राजधानी कुठे यावर तास न् तास जातात. माझं सांगणं एवढंच की हे सगळं शेवटच्या दिवसासाठी ठेवा. आधी तीन कंटाळवाणी कलमं लिहून काढा. पैसा कोण गोळा करणार, मतं कशी मोजायची, आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर कसं. इतिहासात जे संघ मोडले ते बहुतेक या तिन्हीपैकी एकावर मोडलेत, झेंड्यावरून मोडलेला मला तरी माहीत नाही.

पण त्याच्याही आधी एक ठरवा, नक्की काय हवंय. युती, महासंघ की एकच देश? लोक हे शब्द वाटेल तसे वापरतात, स्वित्झर्लंड तर अजून स्वतःला अधिकृतपणे कॉन्फेडरेशनच म्हणवतो आणि १८४८ पासून चांगलं पक्कं संघराज्य आहे, त्यामुळे पाटीवर जाऊ नका. ओळखायची सोपी खूण सांगतो. टॅक्सची नोटीस कुणाच्या नावाने निघते ते बघा. कुणालाच नोटीस जात नाही, फक्त 'तुझ्यावर हल्ला झाला तर मी येईन' एवढाच शब्द दिलाय, तर ती युती. वरच्या मंडळाकडून सदस्य सरकारांना पत्र जातं की बाबांनो आपापला वाटा पाठवा, तर तो महासंघ. आणि केंद्राची नोटीस थेट नागरिकाच्या घरी येत असेल तर तो एक देश झाला, मग नावात काहीही लिहा.

दुसरी गोष्ट, एकत्र यायचं कारण तपासा, आणि ते कारण उद्या संपलं तर काय उरेल तेही. भीती हे सगळ्यात जोरदार कारण असतं, पण भीतीला एक्सपायरी डेट असते. इंग्लंडने जानेवारी १९६८ मध्ये जाहीर केलं की आम्ही आखातातून सैन्य काढून घेणार, आणि तिथल्या छोट्या अमिरातींना कळलं की आता आपलं आपल्यालाच बघायचंय. सुरुवातीला नऊ जणांची बोलणी होती, जवळजवळ चार वर्षं चालली, बहरीन आणि कतार मधेच बाहेर पडून वेगळे देश झाले, उरलेल्यांपैकी सहा जणांनी २ डिसेंबर १९७१ ला संयुक्त अरब अमिराती काढली आणि सातवी रास अल खैमा फेब्रुवारी १९७२ मध्ये आली. चार वर्षं घासाघीस झाली म्हणून ते टिकलं असं माझं मत. उलट उदाहरण इजिप्त आणि सीरियाचं. जानेवारी १९५८ मध्ये सीरियाचे लष्करी अधिकारी आपल्याच सरकारला धड न सांगता विमानाने कैरोला गेले, १ फेब्रुवारीला विलीनीकरण जाहीर! तीन आठवडे! इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासेर यांची अट होती की सीरियातले सगळे राजकीय पक्ष बंद करा, तीही या अधिकाऱ्यांनी मान्य केली, त्यांना वाटत होतं की देशात कम्युनिस्ट डोईजड होतायत त्यापेक्षा हे बरं. दोन देशांची हद्दसुद्धा एकमेकांना लागत नव्हती. हे प्रकरण लक्षात ठेवा, शेवटी परत येणारे.

नुसती युतीच हवी असेल तर काम त्यामानाने सोपंय. यात सगळा खेळ एका वाक्याचा असतो, मदतीला कधी यायचं. १८८२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटलीने त्रिपक्षीय करार केला, पण तो बचावासाठीचा होता. १९१४ मध्ये ऑस्ट्रियाने स्वतःच सर्बियावर चाल केली तेव्हा इटली म्हणाला हे कलमात बसत नाही, आणि घरी बसला, पुढच्या वर्षी तर समोरच्या बाजूने युद्धात उतरला. नाटोचं पाचवं कलम सगळ्यांना माहीत असतं, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर, पण त्याच वाक्याचा पुढचा भाग फार कमी लोक वाचतात. प्रत्येक सदस्याने त्याला स्वतःला जे करणं गरजेचं वाटेल ते करायचंय, म्हणजे सैन्य पाठवायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. १९४९ मध्ये हे मुद्दाम असं ठेवलंय कारण अमेरिकेला युद्धाचा निर्णय दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नव्हता. हे कलम आजवर एकदाच वापरलं गेलं, ११ सप्टेंबर २००१ नंतर, आणि गंमत बघा, ज्या अमेरिकेच्या भरवशावर बाकीचे आत आले होते तिच्याच मदतीसाठी.

युतीत एक जण फार मोठा असेल तर सावध राहा. अथेन्सने इसवी सन पूर्व ४७८ मध्ये पर्शियाविरुद्ध बेटांची युती उभी केली, तिजोरी डेलॉस बेटावर ठेवली, सदस्यांना म्हणाले की जहाजं द्या नाहीतर पैसे द्या. बऱ्याच जणांनी पैसे देणं पसंत केलं, कोण खलाशी सांभाळत बसणार. त्या पैशातून जहाजं बांधली अथेन्सने आणि ती झाली अथेन्सची. मग थासोस बेटाला बाहेर पडावंसं वाटलं तेव्हा त्याच आरमाराने त्यांना वेढा घातला, शेवटी बेटाची तटबंदी पाडायला लावली, जहाजं काढून घेतली. इसवी सन पूर्व ४५४ मध्ये तिजोरीसुद्धा अथेन्सला हलवली. तेव्हा वर्गणी कमी पडली तरी चालेल पण स्वतःचं सैन्य पूर्ण सोडून देऊ नका, निदान युती म्हणून चालू आहे तोपर्यंत तरी.

आता पैसा, यावर मी जरा जास्त बोलणारे कारण इथेच सगळे अडकतात.

अमेरिकेच्या १३ राज्यांनी पहिल्यांदा जो महासंघ केला, तो १ मार्च १७८१ पासून लागू झाला, त्यात काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. युद्ध चालू, सैनिकांचे पगार थकलेले, परदेशी कर्ज डोक्यावर, आणि काँग्रेस काय करणार तर राज्यांना पत्रं लिहिणार. राज्यं जमेल तसं द्यायची, बऱ्याचदा द्यायचीच नाहीत. मग काँग्रेसने मागितलं की निदान आयात मालावर ५ टक्के कर तरी लावू द्या. पण करार बदलायचा तर तेराच्या तेरा राज्यांची संमती पाहिजे! ऱ्होड आयलंड, सगळ्यात चिमुकलं राज्य, बंदरातून येणाऱ्या आयातीवरच त्याचं चालायचं, ते १७८२ मध्ये नाही म्हणालं. विषय संपला. परत नव्याने प्रयत्न केला तर या वेळी न्यूयॉर्क आडवं आलं, त्यांचंही बंदर मोठं. म्हणजे ज्याच्या दारातून माल येतो त्याला ती जकात वाटून घ्यायची नसते, तुमच्या गटातही असा एक जण असणारच, तो कोण आहे हे पहिल्याच दिवशी ओळखून ठेवा.

तो प्रश्न प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याने कसा सोडवला ते बघण्यासारखंय. जर्मनीत १८१५ नंतर ३९ राज्यं होती, प्रत्येकाचे नाके, प्रत्येकाची वसुली. १ जानेवारी १८३४ पासून झोलव्हेरिन म्हणून जकात संघ सुरू झाला, आतले नाके बंद, बाहेरच्या सीमेवर एकच जकात, आणि जमा झालेला पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा. छोट्या राज्यांना हा सौदा फायद्याचा पडला, नाक्यांचा खर्च वाचला आणि हातात आधीपेक्षा जास्त रक्कम. प्रशियाने पदरचं थोडं सोडलं आणि पुढारपण मिळवलं. मोठ्याने आधी खिशात हात घालायचा असतो, असं मला हे वाचून पटलं. पण एवढ्यावर देश बनत नाही हां, १८६६ च्या युद्धात याच झोलव्हेरिनमधले बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर असे कितीतरी सदस्य ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाविरुद्ध लढले. धंदा एकत्र होता, मन नव्हतं.

आणि कधी कधी आकडेच जुळत नाहीत. सेनेगल आणि गांबियाने १९८२ मध्ये महासंघ केला, पण गांबियाचं पोट कमी जकातीवर माल आणून शेजारी पाठवण्यावर चालायचं, जकात एक केली तर तो धंदाच बसतो, म्हणून ते चालढकल करत राहिले आणि १९८९ मध्ये सगळं गुंडाळलं. त्यामुळे सही करण्याआधी प्रत्येक सदस्याचा महसूल नेमका कुठून येतो याचा एक साधा तक्ता करा, कुणाचं काय बुडणार ते लिहा, आणि भरपाई कुठून देणार तेही. ऑस्ट्रेलियात पश्चिम ऑस्ट्रेलियाला अशीच भीती होती, तर त्यांना थेट राज्यघटनेतच पाच वर्षं आपली जकात चालू ठेवायची सवलत दिली, दरवर्षी थोडी थोडी कमी करत. असं लिहिलेलं पाहिजे, तोंडी 'बघू काहीतरी' नको. चलन एक करायचं असेल तर अजून वेगळा विषय. युरोने चलन एक केलं पण तिजोऱ्या वेगळ्याच ठेवल्या, आणि २०१० मध्ये ग्रीसचं कर्ज फुटलं तेव्हा पैसे कुणी द्यायचे हे कलमातच नव्हतं.

मतं कशी मोजायची? मोठा म्हणणार माणशी एक मत, छोटा म्हणणार देशागणिक एक मत. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून यावर उपाय बहुतेक ठिकाणी एकच निघालाय, दोन चाळण्या लावा. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेची नवी घटना लिहिताना भांडून भांडून शेवटी ठरलं की एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला दोन. स्वित्झर्लंडमध्ये घटना बदलायची तर एकूण मतदारांचं बहुमतही लागतं आणि कँटन्सचं, म्हणजे तिथल्या राज्यांचं, बहुमतही. युरोपियन युनियनमध्ये २०१४ पासून बऱ्याच विषयांत ५५ टक्के देश आणि त्यांच्यात मिळून ६५ टक्के लोकसंख्या असा हिशोब आहे. अमिरातींनी जरा रोखठोक केलं, सात राजांची परिषद, महत्त्वाच्या निर्णयाला पाच मतं लागतात आणि त्या पाचात अबू धाबी आणि दुबई पाहिजेतच. म्हणजे दोघांना व्हेटो, पण दोघं मिळूनसुद्धा बाकीच्यांना गुंडाळू शकत नाहीत, आणखी तीन जण पटवावे लागतात. शिवाय तेल ज्याच्या जमिनीत निघेल त्याचंच हेही घटनेत लिहिलंय, तेवढं एक वाक्य नसतं तर अबू धाबी कशाला आत आलं असतं.

एकमताची अट मात्र टाळा. सुरुवातीला फार छान वाटते, कुणावर जबरदस्ती नाही वगैरे. पोलंड-लिथुआनियाच्या संसदेत एकट्या सदस्याने 'मला मान्य नाही' म्हटलं की नुसता तो ठराव नाही तर त्या अधिवेशनात पास झालेलं सगळंच रद्द व्हायचं. १६५२ नंतर हे हत्यार लोक वापरायला लागले, पुढे शेजारचे देश एखाद्या सदस्याला पैसे चारून अधिवेशनच उधळून लावायचे. १७९१ मध्ये त्यांनी ही पद्धत काढून टाकली पण तोवर खूप उशीर झाला होता, १७९५ ला तो देश नकाशावरच उरला नाही. एकमत ठेवायचंच असेल तर दोनचार विषयांपुरतं ठेवा, युद्ध, सीमा, नवीन सदस्य घेणे, बास.

नाराज सदस्याला कसं आणायचं हा या सगळ्यातला मजेशीर भाग. प्रत्येकाची किंमत वेगळी असते आणि ती बऱ्याचदा पैशातच असते असं नाही. बव्हेरियाला १८७१ च्या जर्मन साम्राज्यात यायचं होतं पण मान खाली घालून नव्हतं, तर त्यांना स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, शांततेच्या काळात स्वतःच्या राजाच्या हाताखाली सैन्य, आणि बिअरवरचा कर, एवढं ठेवू दिलं. राजाला प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्ककडून गुपचूप पैसेही पोचत होते ते वेगळं. ब्रिटिश कोलंबिया १८७१ मध्ये कॅनडात आलं ते दहा वर्षांत रेल्वे आणतो या कबुलीवर, रेल्वे पोचली १८८५ मध्ये, आणि मधल्या काळात त्यांनी फुटून निघायच्या धमक्या दिल्याच. स्कॉटलंडला १७०७ मध्ये रोख ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग मिळाले, पण माझ्या मते खरं काम केलं ते दुसऱ्या अटीने, कायदा, कोर्टं आणि चर्च त्यांचं त्यांच्याकडेच राहिलं. लोकांचं रोजचं आयुष्य ज्यावर चालतं त्याला हात लावला नाही की वरची संसद गेली तरी माणूस एक वेळ सहन करतो.

सगळ्यात भारी कलम ऑस्ट्रेलियाचं. न्यू साउथ वेल्समध्ये १८९८ च्या मतदानात एकत्र यायच्या बाजूने जास्त मतं पडूनही ठरलेला ८०,००० चा आकडा गाठला नाही, मग ते म्हणाले राजधानी आमच्याकडे द्या. शेजारचं व्हिक्टोरिया राज्य म्हणालं सिडनीला तर मुळीच नाही. मग घटनेच्या १२५ व्या कलमात काय लिहिलं, राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच असेल पण सिडनीपासून निदान १०० मैल लांब, आणि ती बांधून होईपर्यंत संसद मेलबर्नला बसेल! ती १९२७ पर्यंत मेलबर्नलाच बसली. कॅनबेरा असं जन्माला आलंय. हसू येतं, पण चालून गेलं की नाही?

विलीनीकरण पायरीपायरीने करता येतं हेही लक्षात ठेवा. १९४७ मध्ये भारतातल्या साडेपाचशेहून जास्त संस्थानांपुढे पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी जो सामीलनामा ठेवला त्यात फक्त तीन विषय होते, संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण. बाकी तुमचं तुम्हीच चालवा. यावर सही करणं राजांना जड गेलं नाही, पूर्ण विलीनीकरणाचे करार त्यानंतर झाले, तनख्यांच्या बदल्यात. ते तनखे १९७१ मध्ये बंद केले तो पुढचा भाग, म्हणजे तुम्ही छोट्या बाजूला असाल तर समजून घ्या की घटनेत लिहिलेलं आश्वासनही घटनादुरुस्तीने जाऊ शकतं.

सैन्याचं एका परिच्छेदात सांगतो. एक देश करायचा ठरला असेल तर सैन्य एक करा आणि लगेच करा, अर्धवट ठेवू नका. उत्तर आणि दक्षिण येमेन २२ मे १९९० ला एक झाले, संसद एक, राष्ट्राध्यक्ष एक, सैन्यं मात्र दोन, नुसत्या काही तुकड्या एकमेकांच्या भागात नेऊन ठेवल्या. १९९४ मध्ये बिनसलं तेव्हा त्याच तुकड्या जिथे होत्या तिथेच एकमेकांवर तुटून पडल्या, अमरानला तर शेजारीशेजारी तळ असलेल्या रणगाडा ब्रिगेड्स भिडल्या. जुलैपर्यंत दक्षिणेची जुनी राजधानी एडन पडली.

बारीकसारीक गोष्टींना कमी लेखू नका. ऑस्ट्रेलियात १९०१ ला देश एक झाला पण रेल्वेचे रूळ तीन मापांचे, व्हिक्टोरियाचे १६०० मिलिमीटर, न्यू साउथ वेल्सचे १४३५, क्वीन्सलँडचे १०६७. मेलबर्नहून सिडनीला जाणारा माणूस हद्दीवरच्या अल्बरी स्टेशनला सामानासकट उतरायचा, प्लॅटफॉर्म ओलांडून दुसऱ्या गाडीत बसायचा, मालसुद्धा एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा. हे १९६२ पर्यंत चाललं. देश एक होऊन साठ वर्षं झाली तरी गाडी बदलायचीच. म्हणून कराराला एक परिशिष्ट जोडा, मापं, रूळ, सर्टिफिकेटं, कुणाची पदवी कुठे चालेल, आणि प्रत्येकाला तारीख घाला.

आता मसुदा तयार झाला, मंजुरी कशी घ्यायची? सगळ्यांनी हो म्हटल्यावरच सुरू असं ठेवलंत तर शेवटचा माणूस तुमची मान धरतो. फिलाडेल्फियावाल्यांनी तेरा सोडले आणि नऊ राज्यांनी मान्य केलं की त्या नऊंपुरतं लागू असं ठेवलं. नववं न्यू हॅम्पशायर २१ जून १७८८ ला आलं, मग बाहेर राहणाऱ्यांनाच घाई झाली. आपलं ऱ्होड आयलंड मे १७९० मध्ये आलं, ३४ विरुद्ध ३२ मतांनी, तेही सिनेटने त्यांच्याशी व्यापार तोडायचं बिल पास केल्यावर. पण कोण गळलं तरी चालेल आणि कोण गळलं तर सगळंच बसेल हे आधी बघा. वेस्ट इंडीजची दहा बेटं १९५८ मध्ये एकत्र आली, १९६१ मध्ये जमैकाने सार्वमत घेतलं, नको म्हणाले, तर त्रिनिदादचे पुढारी एरिक विल्यम्स यांचं गणित प्रसिद्ध आहे, दहातून एक गेला की बाकी शून्य. मे १९६२ मध्ये संघ बरखास्त, वेस्ट इंडीज म्हणून एकत्र उरली ती मुख्यतः क्रिकेटची टीम आणि विद्यापीठ.

बाहेर पडायचं कलम लिहायला लोक लाजतात, लग्नाच्या मांडवात घटस्फोटाचं कसं बोलायचं म्हणून. बोला. सर्बिया आणि माँटेनेग्रोने २००३ मध्ये जो संघ केला त्यात स्पष्ट लिहिलं होतं की तीन वर्षांनी सार्वमत घेता येईल. मतदानाच्या आधी युरोपियन युनियनच्या मध्यस्थीने आकडाही ठरला, ५५ टक्के मिळाले तरच. २१ मे २००६ ला मतदान झालं, ५५.५ टक्के. अर्ध्या टक्क्याने देश वेगळा झाला आणि एक गोळी सुटली नाही, कारण आकडा आधी ठरलेला होता, नंतर ठरवायला बसले असते तर काय झालं असतं कल्पना करा. याउलट पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९३३ मध्ये दोन तृतीयांश मतांनी बाहेर पडायचं ठरवलं, पण कलमच नाही, लंडनला अर्ज नेला, तिथे म्हणाले हा आम्ही घेऊच शकत नाही. आजही तिथेच आहेत. युरोपियन युनियनमध्ये बाहेर पडायचं कलम ५० असूनही ब्रिटनला जून २०१६ च्या सार्वमतापासून जानेवारी २०२० पर्यंत वेळ लागला, म्हणजे नुसतं दार पुरत नाही, जाताना कर्जात कुणाचा किती वाटा, मालमत्ता कशी वाटायची, दुसऱ्या बाजूला राहणाऱ्या नागरिकांचं काय, हेही थोडं लिहून ठेवा.

हे सगळं झालं की मग खुशाल नावावर बसा. सीरियाचं राहिलंच होतं. तिथे कैरोहून अधिकारी येऊन कारभार करायला लागले, जुलै १९६१ मध्ये बँका आणि मोठे कारखाने सरकारजमा करायचा हुकूम निघाला, आणि २८ सप्टेंबरला सीरियाच्या सैन्याने बंड करून संसार मोडला. साडेतीन वर्षं. नाव मात्र इजिप्तने सोडलं नाही, सीरिया गेल्यावर पुढची दहा वर्षं, १९७१ पर्यंत, इजिप्त एकटाच 'संयुक्त अरब प्रजासत्ताक' म्हणून वावरत होता आणि झेंड्यावरचे दोन तारेही तसेच होते.